सातबाऱ्यावरचं ‘ए.कु.मॅ.’: मालक की कारभारी?

प्रश्न: घणसोली गावात आमचं मूळ घर. आजोबा धरून तिघे भाऊ, आजोबा मधले. पणजोबा १९४८ च्या सुमारास गेले आणि सगळी भातशेती थोरल्या भावाच्या नावावर लागली. जुन्या सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं आहे. सत्तरच्या दशकात अडीच एकर जमीन सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, संपादित झाली. संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या विकसित भूखंडाचं काम इतकी वर्षं पडून होतं. आता थोरल्या घरच्यांनी वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज केला आहे आणि त्यात फक्त त्यांचीच नावं आहेत. ते म्हणतात, मॅनेजर म्हणजेच मालक, तुमचे आजोबा आमच्या शेतात राबायचे. गावातले एक जाणते गृहस्थ म्हणतात, मॅनेजर म्हणजे खोताचा माणूस, जमीन तुमच्यापैकी कुणाचीच नव्हती. आम्ही तीन भाऊ आणि आमचे चुलतभाऊ मिळून आमचा हिस्सा मागू शकतो का? त्या तीन अक्षरांचा नेमका अर्थ काय?

उत्तर: दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हिंदू एकत्र कुटुंबाची मिळकत जो सगळ्यांच्या वतीने सांभाळतो, शेतसारा भरतो, सरकारदरबारी उभा राहतो, तो हा माणूस. काही तलाठ्यांनी त्यालाच ‘ए.कु.पु.’ म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता असं लिहिलं आहे, आणि जुन्या कागदांत ‘म्यानेजर’ असंही सापडतं. अर्थ एकच. तो एकटा मालक नाही आणि कुणाचा नोकरही नाही. तो सहहिस्सेदारांपैकीच एक असतो, फक्त कारभार त्याच्या हातात असतो.

खोताच्या माणसाचा मुद्दा आधी संपवू. ज्याच्याकडे दुसऱ्याच्या जमिनीची देखरेख होती त्याला कागदोपत्री कारभारी किंवा मुखत्यार म्हणत, आणि त्याचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात येत नसे. तुमच्या थोरल्या आजोबांचं नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. कब्जेदार किंवा भोगवटादार म्हणून असेल तर जमीन कुटुंबाचीच. ‘इतर हक्क’ किंवा कुळाच्या रकान्यात असेल तर कुटुंब त्या जमिनीचं कूळ होतं, आणि मग प्रश्नाला आणखी एक पदर सुटतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता ‘मॅनेजर’ हा इंग्रजी शब्द भातशेतीच्या कागदावर आला कसा? कल्पना इथलीच आणि फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा टीका सांगते की कुटुंबातला एकटा माणूससुद्धा स्थावर मिळकतीचं दान, गहाण किंवा विक्री करू शकतो, पण आपत्काळात, कुटुंबासाठी आणि धर्मकार्यासाठी. म्हणजे अधिकार दिला, पण तो गरजेशी बांधून दिला. इंग्रजी अमलात न्यायाधीशांनी या माणसाला ‘मॅनेजर’ म्हटलं. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हनुमानप्रसाद पांडे प्रकरणात निकाल दिला. त्यातला मॅनेजर अज्ञान (अल्पवयीन) वारसाची मिळकत सांभाळणारा होता. कौन्सिलने म्हटलं की त्याचा अधिकार मर्यादित आहे आणि तो गरजेपुरता किंवा मिळकतीच्या हितापुरताच वापरता येतो. हेच तत्त्व पुढे एकत्र कुटुंबाच्या कर्त्यालाही लावलं गेलं. ‘कायदेशीर गरज’ हा शब्द आजही कोर्टात ऐकू येतो, त्याची मुळं इथे आहेत.

दुसरं कारण साऱ्याचं. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला आणि प्रत्येक नंबरासाठी सरकारला सारा भरणारा एक जबाबदार माणूस हवा होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत म्हणूनच ‘नोंदलेला कब्जेदार’ ही व्याख्या आली: एकटा कब्जेदार, किंवा अनेक जण एकत्र असतील तर त्यांतला वडील अथवा प्रमुख. म्हणजे कागदावर एक नाव असणं हाच त्या काळचा नियम होता. त्या नावामागे चार भाऊ आहेत की चौदा, याची सरकारला फिकीर नव्हती. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, १९१३ मध्ये ती महसूल संहितेत सामावली गेली, आणि फेरफार (हक्क किंवा नाव बदलल्याची नोंद), हक्कपत्रक असं रचलेलं दप्तर तयार झालं. तरी सवय राहिली. वडील गेले की थोरल्याचं नाव लावायचं आणि पुढे तीन अक्षरं लिहायची. त्या काळी हे सगळ्यांना सोयीचं होतं. धाकट्यांनी विश्वासाने केलं, थोरल्यांनीही बहुतेक घरांत तो विश्वास पाळला. नातवंडांच्या हाती कागद येईपर्यंत अक्षरांचा अर्थ मात्र कुणाला आठवेनासा झाला, आणि भांडण तिथे सुरू होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, हिस्सा मागता येतो. मात्र केवळ सातबाऱ्यावरच्या तीन अक्षरांच्या जोरावर नव्हे. महसुली नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. ती मुख्यतः सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढंच तिचं वजन. इथे ते वजन तुमच्या बाजूला पडतं, कारण ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेल्या नोंदीतून ‘कुटुंब एकत्र होतं आणि हा माणूस त्याच्या वतीने होता’ हेच गृहीत निघतं. ते खोटं आहे असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा.

पण एका गोष्टीची जाणीव ठेवा. हिंदू कुटुंब एकत्र आहे असं कायदा गृहीत धरतो. कुटुंबातल्या एखाद्याच्या नावावरची मिळकत एकत्र कुटुंबाची आहे असं मात्र आपोआप गृहीत धरत नाही. ते म्हणणाऱ्यालाच दाखवावं लागतं. वडिलोपार्जित जमीन होती आणि तिच्या उत्पन्नातून पुढची मिळकत घेता आली असती, एवढं दाखवलं की मग ‘ही माझी स्वतंत्र कमाई’ हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली कांगो प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा तुमचं खरं काम म्हणजे ही जमीन पणजोबांकडून आली, थोरल्या भावाने स्वतः घेतली नव्हती, हे कागदाने दाखवणं.

तो कागद सातबारा नव्हे. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. ज्या फेरफाराने थोरल्या आजोबांचं नाव लागलं, तो फेरफार गाव नमुना ६, म्हणजे गावाच्या फेरफार नोंदवहीतून, काढा. सारं त्यात आहे. साधारण असा मजकूर असतो: ‘अमुक मयत, वारस मुलगे तीन, नावे अमुक, अमुक, अमुक, पैकी वडील मुलगा ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल.’ ही एक ओळ मिळाली तर तुमचं निम्मं प्रकरण उभं राहिलं. धाकट्या दोघांची नावं त्यात नसली तरी ‘वारसाने’ असा शब्द असेल तर जमीन वडिलांकडून आली हे ठरतं. आणि तिथे ‘खरेदीने’ असा शब्द निघाला तर पाय सांभाळून टाका. ती जमीन पणजोबांच्या पश्चात कुणी, कुठल्या पैशातून घेतली, हा वेगळा पुराव्याचा विषय होतो.

सातबाऱ्याच्या मागेही जावं लागेल. कोकणच्या गावांत सर्व्हेच्या वेळचं बोटखत आणि शेतवार पत्रक असतं, त्यानंतरची हक्कनोंदणी, मग कडईपत्रक, मग फेरफार आणि पन्नासच्या दशकापासूनचे सातबारे. पणजोबांचं नाव यांतल्या एका तरी कागदावर त्याच सर्व्हे नंबरसमोर सापडायला हवं. घणसोली ठाणे तालुक्यात येते, त्यामुळे अर्ज ठाणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात करायचा. पनवेल-उरणकडच्या वाचकांनी आपापल्या तहसील कार्यालयात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. अर्जात गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि हवी ती वर्षं लिहा. नुसतं ‘आमच्या जमिनीचे सर्व कागद’ लिहिलं तर अर्ज परत येतो. जाण्याआधी ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर त्या गावाचे स्कॅन केलेले कागद आहेत का ते बघून घ्या, म्हणजे फेरफार क्रमांक आधीच हाती येतो. कोर्टासाठी मात्र सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

मागची पानं मोडी लिपीत असण्याची शक्यता आहे. घाबरू नका, पण घरातल्या कुणी अंदाजाने वाचलेलं कोर्टात चालवू नका. मोडीचा जाणकार गाठून अक्षरशः लिप्यंतर करून घ्या, सोबत मूळ पानाची प्रमाणित प्रत जोडा आणि तो जाणकार गरज पडल्यास साक्षीला येईल का हे आधीच विचारा. एखादं पान फाटलेलं किंवा गहाळ असेल तर तोंडी उत्तरावर परतू नका. ‘अभिलेख जीर्ण, नक्कल देता येत नाही’ किंवा ‘उपलब्ध नाही’ असं लेखी घ्या. असं पत्र हाताशी असेल तर दुय्यम पुरावा पुढे मांडता येतो.

वाचताना आणखी एक खाचखळगा लक्षात ठेवा. हाताने लिहिलेले सातबारे साधारण दर दहा वर्षांनी नव्याने उतरवले जात. नव्या पानावर नाव आलं आणि ‘ए.कु.मॅ.’ गळलं, असं अनेक गावांत झालं आहे. संगणकीकरणात तर ही अक्षरं कुठे नावाचाच भाग झाली, कुठे ‘इतर हक्क’मध्ये गेली, कुठे नाहीशी झाली. म्हणून सगळ्या पानांच्या नकला ओळीने लावा आणि अक्षरं कोणत्या पानावर आहेत, कोणत्या पानापासून नाहीत ते शोधा. मधे कोणताही फेरफार नसताना ती गेली असतील तर तो लेखनप्रमाद आहे, आणि संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. संपादित जमिनीच्या सातबाऱ्यावर आता दुसरंच नाव असेल, तिथे या दुरुस्तीचा थेट उपयोग नाही. पण कुटुंबाची संपादनातून सुटलेली जमीन शिल्लक असेल तर तिथे हे आधी करा.

दुरुस्तीबद्दल बोलतोच आहोत तर एक कळकळीची सूचना. ‘ए.कु.मॅ. शेरा कमी करावा’ असा छापील नमुन्याचा अर्ज बरेच जण करतात. शेरा जुना आहे, काढायलाच हवा, हे बरोबर. पण नुसता शेरा काढला आणि इतर हिस्सेदारांची नावं लागली नाहीत, तर मागे उरतं एकट्याचं नाव, तेही आता कोणत्याही अटीशिवाय. त्या सातबाऱ्यावर उद्या खरेदीखत होऊ शकतं. अर्ज नेहमी जोडूनच करा: शेरा कमी करून सर्व शाखांच्या वारसांची नावं दाखल करावी. आणि समोरच्यांनी नुसता शेरा काढण्याचा अर्ज केल्याचं कळलं, तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत हरकत नोंदवा. हरकत आली की प्रकरण गाव नमुना ६-अ च्या तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणीशिवाय फेरफार प्रमाणित होत नाही.

आता वारस दाखला, कारण सगळ्यात तातडीचं तेच आहे. हा दाखला मुंबई विनियम ८, सन १८२७ या जवळपास दोनशे वर्षं जुन्या कायद्याखाली मिळतो. त्यात कोर्ट एवढंच पाहतं की मयताचे वारस कोण. जमीन कोणाची, याचा निवाडा तिथे होत नाही. थोरल्या आजोबांचे वारस त्यांची मुलं-नातवंडंच आहेत, त्यात खोटं काही नाही. म्हणून ‘हे वारस नाहीत’ अशी हरकत घेतली तर ती टिकणार नाही. हरकत अशी लिहा: मयताने ही जमीन एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून धारण केली होती, कुटुंबात तीन शाखा आहेत, अर्जदार त्यांतली एकच शाखा आहेत, आणि या दाखल्याचा उपयोग पूर्ण भूखंड एकट्याने मिळवण्यासाठी होणार आहे. सोबत फेरफाराची नक्कल आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. कोर्ट तुम्हाला वेगळा दावा लावायला सांगेल अशी शक्यता बरीच आहे. तरी हरकत घ्याच. पुढे ‘तुम्ही तेव्हा गप्प होतात’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

त्याच आठवड्यात सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनात साडेबारा टक्के योजनेच्या विभागाला लेखी हरकत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नकलांसाठी माहिती अधिकाराचा अर्जही करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. मागायचे कागद नेमके लिहा: भूसंपादनाचा निवाडा, मोबदला वाटपाचं पत्रक, त्यावरच्या सह्या आणि अंगठे, साडेबारा टक्के पात्रतेची फाइल.

निवाड्यात थोरल्या आजोबांचं एकट्याचं नाव असेल. त्याने खचू नका. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ मध्येच लिहिलेलं होतं की मोबदला ज्याने उचलला, त्याची खऱ्या हक्कदाराला तो देण्याची जबाबदारी सुटत नाही. पण एक प्रश्न घरातल्या जुन्या माणसांना शांतपणे विचारा: तेव्हाच्या पैशातला वाटा आजोबांना मिळाला होता का? मिळाला असेल, आणि एखादी पावती, पासबुकातली रक्कम, पंचांसमोर लिहिलेली चिठ्ठी निघाली, तर थोरल्या घराने हिस्सा मान्य केल्याचा तो सगळ्यात बोलका पुरावा आहे. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात रेफरन्स गेला होता का, हेही तपासा. अशा प्रकरणांत अर्जदार म्हणून बहुधा तिन्ही भावांच्या सह्या असतात, कारण वकील सगळ्यांना सोबत घेत. ते कागद कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये असतात आणि गावातल्या कुणाला आठवत नाहीत.

पैसे मागूनही तेव्हा नाकारले गेले असतील, तर मुदतीचा प्रश्न येतो आणि तो हलका नाही. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ११० प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या माणसाने बारा वर्षांत दावा करायचा, आणि ती बारा वर्षं वगळल्याचं त्याला कळल्यापासून मोजतात. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने मानला जातो. तो नुसता शेत कसत होता, सारा भरत होता, म्हणजे इतरांना वगळलं असं होत नाही. उघड, स्पष्ट नकार लागतो. तुमच्या बाबतीत वारस दाखल्याचा अर्ज हा पहिला नकार असेल तर तुम्ही मुदतीत आहात. समोरचे मात्र सत्तरच्या दशकाकडे बोट दाखवतील. त्याला उत्तर देणारा कागद आत्तापासून शोधा.

समोरून दुसरा बचाव येईल तो तोंडी वाटपाचा: ‘भाऊ केव्हाच वेगळे झाले होते.’ चूल वेगळी झाली, रेशनकार्ड वेगळं झालं, घर वेगळं बांधलं, म्हणून जमीन वाटली असं ठरत नाही. वाटप झालं असेल तर त्याची खूण कागदावर कुठेतरी दिसते. वेगळा हिस्सा नंबर, फाळणी नकाशा, वेगवेगळ्या नावांच्या साऱ्याच्या पावत्या, पिकपाहणीत वेगवेगळी नावं. हे काहीच नसेल आणि सगळ्या वर्षी पिकाच्या रकान्यात ‘खुद्द’ एवढंच असेल, तर वाटपाची गोष्ट लंगडी पडते. आजोबा ‘आमच्या शेतात राबायचे’ हे त्यांचं वाक्य तर एका अर्थी तुमच्याच कामाचं आहे. सख्खा भाऊ मजुरी न घेता वर्षानुवर्षं त्याच खाचरात लावणी-कापणी करत होता, याचा सरळ अर्थ जमीन एकत्र होती.

कुळाचा पदर सांगायचा राहिला. ठाणे-रायगडकडे अनेक घरांना जमीन कूळकायद्याने मिळाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं, कलम ३२-ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र एकाच्याच नावाने असतं. पण पणजोबा कूळ होते आणि त्यांच्यामागे थोरल्याने ‘ए.कु.मॅ.’ म्हणून ते कूळपण चालवलं असेल, तर खरेदीही कुटुंबासाठीच झाली असं म्हणता येतं. त्यासाठी १९५७ च्या आधीच्या पिकपाहणीत पणजोबांचं नाव हवं, आणि ३२-ग च्या चौकशीतला थोरल्या आजोबांचा जबाब वाचायला हवा. ‘आम्ही भाऊ एकत्र कसतो’ असं ते स्वतः बोलून गेले असतील तर तो जबाब सोन्याच्या मोलाचा.

थोरल्या आजोबांनी हयातीत काही जमीन विकली असेल तर ती विक्री आपोआप रद्द ठरत नाही. आजारपण, लग्नकार्य, कुटुंबाचं कर्ज, साऱ्याची थकबाकी अशा कारणांसाठी कर्त्याला विकता येत होतं, आणि तशा विक्रीने धाकटेही बांधले जातात. खरेदीखतात ‘कौटुंबिक गरजेसाठी’ हे शब्द आहेत एवढ्याने गरज सिद्ध होत नाही, ती घेणाऱ्याने दाखवायची असते. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या विक्रीमागे लागून भूखंडाचा दावा अडकवू नका.

आता आकडा. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, सुमारे १०,११७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के १,२६५ चौ.मी. होतात. सार्वजनिक सोयींसाठी त्यातले तीस टक्के वजा होतात, हाती येतात सुमारे ८८५ चौ.मी. तीन भाऊ समान, म्हणजे प्रत्येक शाखेला साधारण २९५ चौ.मी. हिस्सा डोकी मोजून नव्हे, शाखेने पडतो. समजा थोरल्याला दोन मुलं आणि तुमच्या आजोबांना पाच असली, म्हणून तुमच्या शाखेचा वाटा वाढत नाही.

आणि इथे तुमच्या पत्रातली एक उणीव दाखवायलाच हवी. तुम्ही लिहिलंत ‘आम्ही तीन भाऊ आणि चुलतभाऊ’. तुमच्या आत्या कुठे आहेत? तुमच्या बहिणी? मुलींना हक्क २००५ नंतरच मिळाला असा समज गावोगावी आहे, तो अर्धाच खरा. आजोबा १७ जून १९५६ नंतर वारले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात आजी आणि आत्या तेव्हाच वारस झाल्या. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून त्या तारखेला अविवाहित असलेल्या मुलींना जन्माने हिस्सा दिला, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्व मुलींना तो मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील त्या तारखेला हयात असण्याची अट लागत नाही हे ठरलं. ज्या वगळण्याची तुम्ही तक्रार करता आहात, तेच तुमच्या अर्जात आत्यांबाबत होऊ देऊ नका. न्यायाची बाब तर आहेच, शिवाय आवश्यक पक्षकार वगळला म्हणून वाटपाचा दावा लंगडा पडतो. आत्यांना हिस्सा नको असेल तर त्यांनी स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. साध्या कागदावर घेतलेली सही चालत नाही.

दावा लावायची वेळ आलीच तर तो नुसत्या मनाईचा नको. एकत्र कुटुंबाची मिळकत असल्याचं जाहीर करणं, वाटप, आणि निकाल लागेपर्यंत भूखंडाचं वाटपपत्र किंवा हस्तांतर होऊ नये असा तात्पुरता मनाई हुकूम, हे तिन्ही एकत्र मागा. सिडकोला पक्षकार करा. राज्य शासनाला किंवा भूसंपादन अधिकाऱ्याला केलं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. घाई असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा दाखल करता येतो. दावा दाखल होताच नोटीस ऑफ लिस पेंडन्स, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. साडेबारा टक्क्यांचे भूखंड विकासकाकडे त्रिपक्षीय (सिडको, भूखंडधारक आणि विकासक यांच्यातल्या) करारनाम्याने फार लवकर जातात, आणि एकदा तिसरा माणूस आत आला की तुमचं भांडण चुलत्यांशी राहत नाही, त्याच्याशीही होतं.

या सगळ्याच्या आधी, फेरफाराची नक्कल हातात आल्यावर, एकदा ती घेऊन थोरल्या घरी जा. चुलतकाकांनाही बहुधा त्या अक्षरांचा अर्थ माहीत नसेल. त्यांनी लहानपणापासून वडिलांचं एकट्याचं नाव पाहिलं आहे, त्यांचा समज प्रामाणिक असू शकतो. तिन्ही शाखांची वंशावळ एका कागदावर मांडा, आत्यांसह. ते मान्य झालं तर वारस दाखल्याच्या अर्जात दुरुस्ती करून तडजोडीचा मजकूर कोर्टातच नोंदवून घ्या, किंवा दावा दाखल करून लोकअदालतीत तडजोड हुकूमनामा घ्या आणि सिडकोकडे तिन्ही शाखांच्या नावे संयुक्त वाटप मागा. बोलणी चालू असली तरी वारस दाखल्याच्या नोटिशीवरची हरकतीची तारीख मात्र चुकवू नका. ती तारीख आधी वहीत लिहून ठेवा आणि नकलांचा अर्ज उद्याच द्या, कारण जुन्या फेरफाराची नक्कल मिळायला अर्ज करण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.